रेड सॉक्स २०२५ : रोस्टर, हिटर आणि न संपणारे वाद (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

बोस्टन रेड सॉक्स या अमेरिकन बेसबॉल संघाने २०२५ चा मोसम ८९ विजय आणि ७३ पराभवांवर संपवला, वाइल्ड कार्ड मालिकेत (बाद फेरीचा पहिला टप्पा) यांकीजकडून २–१ अशी हार पत्करली, आणि चाहत्यांचे वाद मात्र मोसम संपल्यावरही चालूच राहिले. त्या सहा महिन्यांत पुन्हा पुन्हा विचारले गेलेले प्रश्न इथे घेतले आहेत. बहुतेक वाद दोन गोष्टी तपासल्या की निम्मे होतात: त्या दिवशी नियमांनुसार संघाला काय करता येत होतं, आणि जो आकडा तोंडावर फेकला जातोय तो किती प्लेट अपिअरन्सवर (बॅटर म्हणून मिळालेल्या पाळ्यांवर) उभा आहे.

लाइनअप पाहून चिडायचं, तर कोणावर?

रोज कोण खेळणार आणि कितव्या क्रमांकावर, हे २०२५ मध्ये मॅनेजर ॲलेक्स कोरा ठरवायचा. संघात कोण असणार, कोणाला वूस्टरला (बोस्टनच्या लगेच खालच्या संघात) पाठवायचं, कोणाचा सौदा करायचा, हे संघबांधणीचा प्रमुख क्रेग ब्रेस्लोच्या कार्यालयाचं काम होतं. बाकावर उजव्या हाताचा एकही बॅटर नाही म्हणून कोराला शिव्या घालण्यात अर्थ नाही. त्याला मिळालेल्या २६ जणांतूनच नऊ काढायचे होते.

२६ आणि ४० हे दोन आकडे सतत ऐकू येतात. फरक काय?

२६ म्हणजे प्रत्यक्ष खेळायला उपलब्ध असलेले खेळाडू. त्यांत पिचर (चेंडू टाकणारे) जास्तीत जास्त १३. म्हणजे मैदानातले इतर आठ आणि डीएच (फक्त बॅटिंग करणारा) असे नऊ वगळले की उरतात फक्त चार, आणि त्या चारांत एक राखीव कॅचर असतोच. ‘आणखी एक बॅट घ्या’ असं म्हणणं सोपं, पण त्यासाठी तीन मोकळ्या जागांपैकी एक खर्ची पडते. १ सप्टेंबरपासून हे रोस्टर (खेळाडूंची यादी) २८ चं होतं आणि पिचरची मर्यादा १४ होते.

४० ची यादी मोठी. त्यात हे २६, खालच्या संघांत खेळणारे पण संघाने राखून ठेवलेले खेळाडू, आणि काही जखमी येतात. १० दिवसांच्या इंज्युर्ड लिस्टवरचा खेळाडू २६ मधली जागा मोकळी करतो, ४० मधली नाही. ६० दिवसांच्या यादीवर टाकला की ४० मधलीही जागा सुटते. त्यामुळे एखाद्याला अचानक ६० दिवसांच्या यादीवर हलवलेलं दिसलं, तर त्याची दुखापत चिघळली असं लगेच समजू नका. बऱ्याचदा दुसऱ्या कोणासाठी तरी जागा हवी असते.

नवोदित रोमन अँथनीला ९ जूनपर्यंत वूस्टरला का बसवून ठेवलं? पैसे वाचवायला?

‘सर्व्हिस टाइम’चा डाव मेजर लीगमध्ये खरोखर खेळला जातो. मोसम साधारण १८६–१८७ दिवसांचा असतो, आणि १७२ दिवस वरच्या संघात काढले की एक पूर्ण वर्ष मोजलं जातं. फ्री एजंट व्हायला अशी सहा वर्षं लागतात. सुरुवातीचे दोनेक आठवडे खेळाडूला खाली ठेवलं की संघाच्या पदरात एक जास्तीचं वर्ष पडतं. शिकागो कब्जने २०१५ मध्ये क्रिस ब्रायंटला १७ एप्रिलला बोलावलं. त्याचे १७१ दिवस भरले, एक दिवस कमी. त्याने केलेली तक्रार २०२० मध्ये फेटाळली गेली.

पण हाच हिशेब अँथनीला लावला तर जुळत नाही. वर्ष वाचवायचंच असतं, तर एप्रिलच्या उत्तरार्धातही ते साधलं असतं. जूनची वाट पाहायची गरज नव्हती. खरी अडचण आउटफिल्डची होती. जॅरेन डुरान, सेडान राफाएला आणि विल्यर अब्रेऊ तिघेही रोज खेळत होते. २१ वर्षांच्या मुलाला आठवड्यातून दोनदा खेळवायला वर आणणं म्हणजे त्याचं नुकसान. अब्रेऊ बरगडीजवळच्या स्नायूच्या दुखापतीने इंज्युर्ड लिस्टवर गेला, त्याच दिवशी अँथनी आला. त्याच्या दोन दिवस आधी त्याने वूस्टरकडून ४९७ फुटांचा ग्रँड स्लॅम मारला होता, म्हणून लोकांना वाटलं त्या एका फटक्याने संघ हलला. फटका देखणाच होता, पण दार उघडलं ते दुखापतीने.

आमचं मत विचाराल तर डीएचची जागा फिरती ठेवून त्याला मे महिन्यातच आणता आलं असतं. मात्र त्यासाठी डीएच असलेल्या राफाएल डेव्हर्सला हातमोजा घालून मैदानात उतरायला तयार करावं लागलं असतं. त्याबद्दल पुढे.

क्रिस्टियन कॅम्पबेल एप्रिलमध्ये अमेरिकन लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला आणि जूनमध्ये खाली गेला. असं कसं?

एप्रिलअखेर त्याची सरासरी .३०१ होती, आणि त्याच महिन्याच्या सुरुवातीला संघाने त्याच्याशी आठ वर्षांचा ६ कोटी डॉलरचा करार केला होता. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात तो वूस्टरला गेला. मोसमाचा शेवटचा हिशेब: ६७ सामने, .२२३ सरासरी, .६६४ ओपीएस (बेसवर पोचणं आणि फटक्यांची ताकद मिळून मोजणारा आकडा, त्याबद्दल पुढे).

नवा हिटर आला की पहिले तीन-चार आठवडे पिचरकडे त्याच्याविषयी फारशी माहिती नसते. मग व्हिडिओ जमतात, कोणत्या जागेवरचा चेंडू त्याला झेपत नाही ते कळतं, आणि तिथेच मारा सुरू होतो. यावर हिटरने उत्तर शोधायचं असतं. ते रोज खेळून, आणि शक्यतो ३७ हजार लोकांसमोर नव्हे, सापडतं. त्यात कॅम्पबेलकडून सेकंड बेस, आउटफिल्ड आणि वर फर्स्ट बेसचा सराव, अशी तीन कामं एकाच वेळी करून घेतली जात होती.

करार झाला म्हणून त्याला खाली पाठवता येत नाही, हा गैरसमज आहे. ४० च्या यादीतल्या खेळाडूकडे साधारणपणे तीन ‘ऑप्शन’ वर्षं असतात. त्या वर्षात तो २० दिवस किंवा अधिक खाली राहिला की एक वर्ष खर्च झालं. एका मोसमात पाचपेक्षा जास्त वेळा वर-खाली करता येत नाही. खाली पाठवलेल्या हिटरला किमान १० दिवस तिथे राहावं लागतं, पिचरला १५. वर कोणी जखमी झालं आणि त्याच्या जागी परत बोलावलं, तरच सवलत. म्हणून ‘आज पाठवलाय ना, परवा परत आणा’ हे जमत नाही.

‘डीएफए करा त्याला!’ म्हणजे नक्की काय होतं?

मे अखेरीला हे ट्रेव्हर स्टोरीबद्दल सर्वांत जास्त ऐकू येत होतं. त्याचा ओपीएस तेव्हा .६०० च्या आसपास घुटमळत होता.

डीएफए (डेझिग्नेट फॉर असाइनमेंट) केलं की खेळाडू ४० च्या यादीतून त्याच क्षणी बाहेर. संघाकडे सात दिवस: सौदा करा, वेव्हर्सवर टाका (म्हणजे इतर संघांना उचलायची मुभा द्या) किंवा मुक्त करा. वेव्हर्सवर दुसऱ्या संघाने उचललं, तर उरलेला करारही त्याच संघाच्या गळ्यात. कोणी उचललं नाही आणि मुक्त केलं, तर जुना संघ उरलेली सगळी रक्कम भरतो. नवा संघ फक्त किमान पगार देतो (२०२५ मध्ये ७ लाख ६० हजार डॉलर), आणि तेवढीच रक्कम जुन्याच्या डोक्यावरून उतरते. स्टोरीचा करार सहा वर्षांचा, १४ कोटींचा. पाच वर्षांहून अधिक सर्व्हिस असल्यामुळे त्याच्या संमतीशिवाय त्याला वूस्टरलाही पाठवता येत नव्हतं.

थोडक्यात, पर्याय दोनच होते: खेळवा, नाहीतर पैसे देऊन घालवा. खेळवलं. त्याने मोसम संपवला तो २५ होम रन, ९६ आरबीआय (आपल्या बॅटिंगवर आणलेल्या धावा) आणि ३१ चोरलेल्या बेसवर, शॉर्टस्टॉपला उभं राहून. याचा अर्थ प्रत्येक घसरलेल्याला खेळवत राहावं असा नाही. एब्राहम टोरोला ऑगस्टमध्ये डीएफए केलं ते योग्यच होतं. त्याच्या जागी त्याच दरात दुसरा मिळत होता. स्टोरीच्या जागी शॉर्टस्टॉप आणायचा कुठून?

एका महिन्याच्या आकड्यांवरून हिटरची पारख करता येते का?

फारशी नाही. राफाएल डेव्हर्सने पहिल्या पाच सामन्यांत १९ ॲट-बॅटमध्ये (वॉक वगैरे वगळून मोजलेल्या पाळ्यांत) एकही हिट मारला नाही, १५ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) झाले. ‘डीएच करून याचं डोकं बिघडवलं’ असा निकाल मार्च संपायच्या आतच लागला. १५ जूनला तो बोस्टन सोडून गेला तेव्हाचे त्याचे आकडे होते .२७२ सरासरी, .४०१ ओबीपी (बेसवर पोचण्याचं प्रमाण), .५०४ स्लगिंग (फटक्यांची ताकद), १५ होम रन.

कोणता आकडा कधी बोलू लागतो, याचा ढोबळ अंदाज असा: स्ट्राइकआउटचं प्रमाण साधारण ६० प्लेट अपिअरन्सनंतर, वॉकचं (चार वाईट चेंडूंवर फुकट मिळणारा पहिला बेस) १२० नंतर, स्लगिंग ३२० ॲट-बॅटनंतर, ओबीपी ४६० प्लेट अपिअरन्सनंतर. आणि ज्यावर सगळे भांडतात ती बॅटिंग ॲव्हरेज? सुमारे ९१० ॲट-बॅट. म्हणजे दीड मोसमाहून जास्त. या टप्प्यालाही आकड्यात निम्मं कसब आणि निम्मा योगायोग असतो.

म्हणून मे महिन्यात कोणी सरासरी दाखवली, तर तुम्ही स्ट्राइकआउट आणि वॉकचं प्रमाण मागा. स्ट्राइकआउट गेल्या वर्षीपेक्षा पाच-सहा टक्क्यांनी वाढले असतील तर काळजीचं कारण आहे. ते जागच्या जागी आणि सरासरी तेवढी खाली, तर थांबा.

‘दुर्दैवाने हिट मिळत नाहीत’ ही सबब की खरी गोष्ट?

दोन्ही असू शकतं, आणि तपासायला ‘बॅबिप’ आहे: मैदानात पडलेल्या चेंडूंपैकी किती हिट झाले. हिटमधून होम रन वजा करा. त्याला भागा या संख्येने: ॲट-बॅट वजा स्ट्राइकआउट वजा होम रन अधिक सॅक्रिफाइस फ्लाय (झेल जाऊनही धाव आणणारा फटका). लीगचा बॅबिप .२९० ते .३०० च्या दरम्यान राहतो.

एक काल्पनिक हिटर घेऊ. १०० ॲट-बॅट, २४ हिट, त्यात ४ होम रन, २८ स्ट्राइकआउट, १ सॅक्रिफाइस फ्लाय. सरासरी .२४०. बॅबिप म्हणजे २० भागिले ६९, .२९०. आता याच महिन्यात त्याचे चार मरतुकडे फटके इन्फिल्डच्या डोक्यावरून जाऊन गवतात पडले असं धरा. हिट झाले २८, सरासरी .२८०, बॅबिप .३४८. आठवड्याला एक लंगडा हिट, एवढाच काय तो फरक, आणि त्यावर एकाला बाकावर बसवा आणि दुसऱ्याला ऑल-स्टार करा असं चालू होतं.

सबब आहे की खरं, ते चेंडू बॅटवरून किती वेगाने सुटतो त्यावरून ठरवा. ताशी ९५ मैल किंवा अधिक वेगाचा फटका ‘हार्ड हिट’ मोजतात. अँथनी आला तेव्हा पहिले दोनेक आठवडे त्याची सरासरी .२०० च्या बरीच खाली होती. पण चेंडू बॅटवरून सणसणत सुटत होता आणि वाईट चेंडूंमागे तो धावत नव्हता. दुखापतीपर्यंतच्या ७१ सामन्यांत तो .२९२ सरासरी आणि .३९६ ओबीपीवर पोचला. ज्याचा बॅबिप कमी आणि फटकेही मऊ, त्याचं दुर्दैव नसतं. तो बाद होण्यासारखंच खेळतोय.

.२५० सरासरी म्हणजे सुमार हिटर ना?

क्रिकेटमधून आलेल्यांना सरासरी म्हणजे सर्वस्व वाटतं, हे समजण्यासारखं आहे. पण बेसबॉलची बॅटिंग ॲव्हरेज वॉक मोजतच नाही, आणि सिंगल व होम रन एकाच तराजूत टाकते. २०२४ मध्ये अख्ख्या मेजर लीगची सरासरी .२४३ होती. .३०० ची अपेक्षा ठेवून सामना बघायला बसलात तर रोजच चिडचिड होईल.

टोकाची जोडी पाहा. २०२३ मध्ये फिलाडेल्फियाच्या काइल श्वार्बरची सरासरी .१९७, पण ४७ होम रन, १२६ वॉक, ओपीएस.८१७. २०२४ मध्ये लुईस अराएझ .३१४ सरासरीने नॅशनल लीगचा अव्वल ठरला, ओपीएस.७३९. धावा कोणी जास्त करून दिल्या? श्वार्बरने.

ओबीपी म्हणजे हिट, वॉक आणि अंगावर बसलेले चेंडू यांची बेरीज भागिले ॲट-बॅट, वॉक, अंगावरचे चेंडू आणि सॅक्रिफाइस फ्लाय यांची बेरीज. स्लगिंग म्हणजे एकूण बेस भागिले ॲट-बॅट. दोन्हींची बेरीज ओपीएस. ओपीएसमध्येही खोट आहे: स्लगिंगचा आकडा मोठा असल्यामुळे ते भाव खाऊन जातं, आणि बाद न होण्याची किंमत मात्र प्रत्यक्षात जास्त असते. दोघांचा ओपीएस सारखाच असेल तर ज्याचा ओबीपी जास्त तो घ्यावा.

डेव्हर्सला विकलं ते बरोबर की चूक?

फेब्रुवारीत ॲलेक्स ब्रेगमनला तीन वर्षांच्या १२ कोटींच्या करारावर आणलं आणि डेव्हर्सला थर्ड बेसवरून काढून डीएच केलं. २ मे रोजी ट्रिस्टन कॅसासच्या डाव्या गुडघ्याचा टेंडन फाटला, फर्स्ट बेस रिकामा झाला. डेव्हर्सला विचारलं, त्याने जाहीरपणे नकार दिला. एकदा हातमोजा काढून घेतल्यावर पुन्हा दुसरा हातात देता, असा त्याचा सूर होता. मालक जॉन हेन्री स्वतः कॅन्सस सिटीला जाऊन भेटले. १५ जूनला यांकीजला मालिकेतल्या तिसऱ्याही सामन्यात हरवलं आणि त्याच संध्याकाळी डेव्हर्सला सॅन फ्रान्सिस्को जायंट्सकडे धाडलं. मोबदल्यात जॉर्डन हिक्स, काइल हॅरिसन, जेम्स टिब्स आणि होसे बेयो. उरलेले २५ कोटींहून अधिक डॉलर जायंट्सनी डोक्यावर घेतले.

सौद्याच्या दिवशी संघ ३७–३६ होता, नंतर ५२–३७. ‘पाहा, अडसर दूर झाला!’ हा युक्तिवाद यावरून करतात तो कच्चा आहे. त्याच काळात अँथनी स्थिरावला, स्टोरी उठला, ब्रेगमन जुलैत मांडीच्या दुखापतीतून परतला. उलट बाजूचा युक्तिवाद वाइल्ड कार्ड मालिकेतून येतो: तीन सामन्यांत मिळून सहा धावा, शेवटच्यात शून्य. अँथनी जखमी होता, आणि लाइनअपमध्ये एका फटक्यात सामना फिरवणारं फारसं कोणी नव्हतं.

डेव्हर्सने दोन्ही संघ मिळून ३५ होम रन आणि ११२ वॉक काढले. खेळला किती सामने? १६३. मोसम १६२ चा असतो, पण दोन संघांची वेळापत्रकं वेगळी, त्यामुळे हे घडू शकतं. आणि जायंट्सकडून तो जुलैमध्ये फर्स्ट बेसवर उभा राहिलाच. फेब्रुवारीत त्याच्याशी नीट बोलणं झालं असतं तर हे सारं टळलं असतं, असं आम्हाला वाटतं. पैशांच्या दृष्टीने सौदा समजतो. बॅटच्या दृष्टीने बोस्टनला त्या मोसमात बदली मिळाली नाही.

रोमी गोन्झालेझ एवढा चांगला मारत होता, तर रोज का नाही?

तो मारत होता डावखुऱ्या पिचरविरुद्ध. तिथे त्याचा ओपीएस.९०० च्या वर होता. उजव्या हाताच्या बॅटरला डावखुऱ्या पिचरचा चेंडू हातातून सुटल्यापासून नीट दिसतो, आणि फिरणारे चेंडू त्याच्याकडे आत येतात. अडचण अशी की लीगमधले बहुसंख्य पिचर उजव्या हाताचे. त्यांच्यासमोर रोज उतरवला की तोच माणूस सामान्य दिसतो, मग लोक म्हणतात ‘फॉर्म गेला’. ऑगस्टमध्ये नॅथॅनियल लोव हा डावखुरा बॅटर आणला तो याच जोडीसाठी.

सातव्या इनिंगमध्ये गोन्झालेझला बदली बॅटर म्हणून पाठवताना आणखी एक हिशेब असतो. २०२० पासून नव्या पिचरला किमान तीन बॅटर किंवा इनिंग संपेपर्यंत टाकावंच लागतं. म्हणून लाइनअपमध्ये डावखुरे बॅटर सलग तीन लावले की डावखुरा पिचर आणून समोरच्याचं फावतं.

राफाएलाचा ओबीपी .२९५. तरी रोज सेंटर फील्डला?

हो, आणि ते बरोबर आहे. साधारण दहा धावांना एक विजय असं गणित धरतात. धाव वाचवली काय आणि काढली काय, किंमत एकच. सेंटर फील्डचं गोल्ड ग्लव्ह (सर्वोत्तम क्षेत्ररक्षणाचा पुरस्कार) त्याला मिळालं ते उगाच नाही. त्याला नवव्या क्रमांकावर ठेवा. पहिल्या-दुसऱ्यावर आणू नका. एवढाच वाद रास्त.

बॅटिंगच्या क्रमाने खरंच फरक पडतो?

वाटतो त्यापेक्षा कमी. एक क्रमांक खाली गेलं की मोसमभरात सुमारे १८ प्लेट अपिअरन्स कमी मिळतात. सर्वोत्तम हिटर दुसऱ्या क्रमांकावर आणि जास्त ओबीपीवाला पहिल्यावर, एवढं पाळलं की बाकीच्या अदलाबदलीने मोसमात एखाद्या विजयाचा फरक पडला तर पडला.

फेनवेमुळे (बोस्टनच्या घरच्या मैदानामुळे) आकडे फुगतात का?

काही फुगतात, काही आटतात. डावीकडे ३१० फुटांवर ३७ फूट २ इंच उंचीची हिरवी भिंत आहे. इतर मैदानांवर झेल होणारा उंच फटका इथे भिंतीवर आपटून डबल (दोन बेसचा हिट) होतो, आणि इतरत्र होम रन होणारा सरळ जोरदार फटकाही भिंतीला लागून डबलच राहतो. उजवीकडे पेस्की पोल (हद्दीचा खांब) ३०२ फुटांवर आहे, पण कुंपण तिथून झपाट्याने मागे जातं आणि बुलपेनपाशी (राखीव पिचर सराव करतात तिथे) ३८० फूट होतं. डावखुऱ्यांच्या होम रनचा घास तिथे हिरावला जातो. नव्या खेळाडूला आणायची चर्चा असेल, तर त्याचे बाहेरच्या मैदानांवरचे आकडे वेगळे काढून पाहा. उजव्या हाताचा आणि डावीकडे उंच मारणारा असेल, तर इथे त्याचे डबल वाढतील असं धरायला हरकत नाही.

हे सगळं तपासायचं कुठे, आणि भारतातून कधी?

फटक्यांचा वेग आणि कोन बेसबॉल सॅव्हंटवर, स्ट्राइकआउट-वॉकची टक्केवारी आणि बॅबिप फॅनग्राफ्सवर, जुने मोसम बेसबॉल रेफरन्सवर. तिन्ही ठिकाणी मूळ आकडे फुकट पाहता येतात. खेळाडूचं पान उघडलं की आधी प्लेट अपिअरन्सचा रकाना बघायची सवय लावा. बोस्टनचा संध्याकाळी ७:१० चा सामना उन्हाळ्यात भारतात पहाटे ४:४० ला सुरू होतो. लाइनअप बहुधा त्याच्या तीन-चार तास आधी जाहीर होते, म्हणजे मध्यरात्री एकच्या सुमारास. पुण्या-मुंबईत बसून त्यावर भांडायचं असेल, तर झोपेचं वेळापत्रक त्या बेताने ठेवा.